दुसऱ्यांदा दिलेला गूळ

चिक्कडपल्ली, हैदराबाद
रविवार, ४ नोव्हेंबर १९५६

राज्याची वाटणी झाली आणि दादाची कचेरी औरंगाबादला गेली. आज सगळ्यांना सिकंदराबाद स्टेशनवर सोडून आलो. टांग्यातून उतरल्यावर वहिनींनी घोड्याला गुळाचा खडा भरवला, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि रडल्या. इतक्या वर्षांच्या ओळखीचा तो टांग्याचा घोडा. पहाडातल्या बायका घोडा विकताना असाच निरोप देतात, तेवढं फिल्मवर टिपायला मी तिकडे महिने काढले. आणि आज काय म्हणालो? "वहिनी, थांबा. कॅमेरा काढतो. पुन्हा एकदा द्या गूळ."

त्या मला कधी नाही म्हणत नाहीत. डोळे पुसून, पदर सारखा करून पुन्हा उभ्या राहिल्या. थोडं हसल्यासुद्धा. घोड्यानं गूळ हुंगला आणि तोंड फिरवलं. दादा दुसरीकडे बघत राहिला. टांगेवाले करीमभाई हळूच म्हणाले, "बाईसाब, गाडी का टैम हो गया."

तो खडा वहिनींनी माझ्या हातावर ठेवला. "तुम्हीच खा, भाऊजी."

पहाडात जिचा निरोप टिपला, त्या बाईलाही मी 'पुन्हा एकदा' म्हणालो होतो. फिल्ममध्ये आहे ते तिचं दुसरं रडणं. पहिलं कसं होतं, आठवत नाही.

गूळ अजून खिशातच आहे.