सातव्या भोकाची रेती

छावणी, औरंगाबाद
९ फेब्रुवारी १९८४

ती. व्यंकटराव काकांना,
कालिंदीचा साष्टांग नमस्कार.

"मागून येणाऱ्याला आपली पावलं दिसता कामा नयेत, कालिंदे." मी सात-आठ वर्षांची असताना अप्पा मैदानावर हे म्हणाले होते. तुम्ही शेजारीच होतात. हसून म्हणालात, "मधुसूदन, लेकीला गोल्फ शिकवतोस की चोरी?"

आई बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. काकूंच्या मोतीबिंदूचं काय झालं? सोयगाव मानवलं का? अप्पा गेल्यापासून तीन वर्षांत मी पत्र टाकलं नाही, आणि टाकतेय ते असं.

येत्या एकोणीसला, रविवारी, क्लबानं अप्पांच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवलाय. ते जिथं गेले त्या सातव्या भोकाला त्यांचं नाव देणार. पोलीस ॲक्शननंतर ते सभासद झाले ते शेवटपर्यंत. माझ्या लग्नादिवशीसुद्धा खेळून मगच मांडवात आले. आई तेव्हा पाहुण्यांना सांगत होती, "यांचं खरं सासर मैदानावर आहे."

त्यात मला बोलायचंय. भाषणात लिहिलंय की आपल्याकडं हिरवळीला पाणी कुठलं, म्हणून भोकाभोवती तेल कालवलेली रेती असते, आणि खेळून झालं की शेवटच्यानं फळी ओढून पावलं पुसायची. ही फळी अप्पांनी कधी दुसऱ्याला ओढू दिली नाही. हे लिहिलं आणि जागा पाहावी म्हणून गेले. कडूबा अजून मैदानाची राखण करतो.

"अप्पा इथंच रेतीत पडले ना रे?"

"पडले असतील बाई. म्या आलो तवा लिंबाखाली निजवले व्हते. रेती लई झ्याक सारखी केलेली. फळी व्यंकटराव सायबांच्या हातात."

"आणि तू हाक ऐकून लगेच आलास?"

"व्हय. हाक आली तसा पळालो."

काका, त्या सकाळी त्यांच्याबरोबर तुम्ही एकटेच खेळत होतात. तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत, "तो पडला तशी मी हाक मारली." मग फळी केव्हा ओढलीत?

अप्पांच्या सदऱ्याला ती तेलकट रेती चिकटली होती. सदरा मीच धुतला, डाग गेला नाही. म्हणजे ते रेतीतच पडले. माणूस पडल्याची खूण उठलीच असणार. ती तुम्ही पुसलीत, आणि मगच हाक मारलीत. तेव्हा ते श्वास घेत होते का?

झोप उडाली. त्याच आठवड्यात क्लबाच्या अध्यक्षपदावरून तुमचं दोघांचं वाजलं होतं, हे मला ठाऊक आहे. वाटलं, झटापट झाली असेल. नंतर तुम्ही क्लब सोडलात, शहरही सोडलंत. सगळं जुळत गेलं. आणि जुळतंय याचं मला बरं वाटत होतं.

काल आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "यांनीच सांगितलं असणार. आधी रेती सारखी कर, मग बोलव कुणाला बोलवायचं ते." भाकरी तव्यावर टाकली आणि पुढं म्हणाली, "बिचारे व्यंकटराव."

बिचारे! मला तिचा राग आला. तिचं खरं असेल तर तुमच्यावरचा संशय जातो, पण मग माझ्याकडं काय उरतं? त्या सकाळी मी माहेरीच होते. चहाचं आधण ठेवून वाट बघत होते. मैदान घरापासून हाकेवर. अप्पांजवळ दोन वाक्यांपुरता श्वास होता, आणि तो त्यांनी रेतीवर घालवला. कालिंदीला बोलव म्हणाले नाहीत.

म्हणून सांगते, एकोणीसला या. सगळ्यांसमोर नको, त्या लिंबाखाली मला एकटीला सांगा की फळी तुम्ही आपणहून ओढलीत. घाबरून म्हणा, रागानं म्हणा, कसंही. तुम्हाला जन्मभर दोष देणं मला जमेल, अप्पांना देणं जमणार नाही.

गोल्फात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, तरी तुम्ही दोघांनी इतक्या वर्षांत कधी एक फटका कमी सांगितला नाहीत. तुम्ही हे करणार नाही, हे मला कळतं. तरी या, काका. एवढं एक माझ्यासाठी खोटं बोला.

अप्पांची लेक,
कालिंदी