हॅटीला कधी पाठवू?

लोन एल्क कॅम्प, माँटाना
९ जून

प्रिय कॉरी,

तुझं पत्र आमच्या आधीच इथे येऊन ऑफिसच्या खिडकीत बसलं होतं. आम्ही दोघं मजेत आहोत. इथे खाली फोन लागत नाही. मागच्या टेकडीवर चढलं की लागतो, पण तिथे निम्मा कॅम्प कानाला फोन लावून एकमेकांच्या घरची भांडणं ऐकत उभा असतो. त्यापेक्षा पत्र बरं.

डोंगरावर अजून बर्फ आहे. नदीला पाणी भरपूर. शेजारी टेक्सासचं एक जोडपं आलंय, त्यांची तीन कुत्री आणि तिन्हींच्याही गळ्यात रुमाल. शनिवारी सगळ्यांनी एकेक पदार्थ करून आणायचा बेत होता. मी आपलं नेहमीचं बटाट्याचं सॅलड नेलं. बाबांनी अस्वलाची गोष्ट सांगितली. ते अस्वल दर उन्हाळ्यात थोडं मोठं होतं, यंदा ते गाडीच्या टपाला लागलंय.

आलो त्या संध्याकाळी नेहमीचा तमाशा झाला. तुला माहीतच आहे, नवीन गाडी आत शिरली की कॅम्पमधले सगळे खुर्च्या, बिअरचे कॅन घेऊन बाहेर येऊन बसतात. नवरा गाडी मागे घेतो, बायको मागे उभी राहून हात हलवते, दोघं एकमेकांवर खेकसतात आणि बघणाऱ्यांची करमणूक होते. आमच्या वेळी मात्र त्यांची निराशा झाली. बाबांनी आमचं हे चाकांवरचं घर, एवढी मोठी मोटरहोम, एका दमात झाडांच्या मधे नेऊन बसवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेल म्हणून एकजण आहे, कॅम्पची देखभाल करतो आणि त्याबदल्यात उन्हाळाभर इथेच राहतो. त्याची खुर्ची तेवढी चाकाखाली आली. तो कुत्र्यांना आवरायला उठला होता म्हणून बरं. बाबा म्हणाले, "माझ्या जागेत खुर्ची टाकशील तर असंच होणार!" सगळे हसले.

आता हॅटीचं. तू विचारलंस, कधी पाठवू. मला वाटतं यंदा नको. डास भयंकर आहेत. रात्री अजून गारठा असतो, आणि ऑफिसवर अस्वलांपासून सावध राहण्याची पाटी लागली आहे. पुढच्या वर्षी ती दहाची होईल, तेव्हा मजाही जास्त येईल. तिला माझी पापी दे. तुझ्या जेफला म्हणावं, गुडघ्याकडे लक्ष दे.

तुझी,
आई


लोन एल्क कॅम्प
१७ जून

प्रिय कॉरी,

तुझं पत्र मिळालं. तुझा राग पोचला. "डासांना घाबरून कुणी नातीला नको म्हणतं का" हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. अठ्ठावीस तारखेचं विमानाचं तिकीट तू काढून बसलीस हे मात्र मला विचारून करायला हवं होतंस. हॅटीने आतापासून बॅग भरून दाराशी ठेवली आहे हे वाचून मला हसू आलं.

बाबा आजारी आहेत का, असं तू विचारतेस. नाहीत. त्यांचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे. जेवतात, चालतात, टेक्सासवाल्याशी फुटबॉलवरून भांडतात. तसं काही मनात आणू नकोस.

फ्रिज नीट चालत नाही. त्यामुळे दूध टिकत नाही. हेही एक कारण आहे.

तुझी चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली. ती वाचायला नको होती असं आता वाटतं. हॅटी येणार म्हटल्यावर ते पोरासारखे कामाला लागलेत. मागच्या बिछान्याची लाकडी कड घासून गुळगुळीत केली. तिच्या मापाचा मासे पकडायचा गळ आणला. विमानतळावरून तिला घेऊन घाटातून पलीकडे, गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जायचं त्यांच्या मनात आहे. काल जेवताना म्हणाले, "हॅटीला पुढच्या सीटवर बसवणार. नकाशा तिच्या हातात देणार."

मी म्हटलं, "पुढची सीट माझी आहे."

"दोन आठवडे मागे बस की. डुलक्या काढ. नाहीतरी सबंध रस्ताभर तुझी बडबड चालू असते, तेवढीच माझ्या कानांना सुट्टी."

असं ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मी ताटं उचलली.

आज सकाळी कपडे धुवायच्या खोलीत वेंडेल भेटला. मशीन दुरुस्त करतोय असं दाखवत बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "आर्डिस, त्या दिवशी तू दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली होतीस. थांब म्हणून. मी बघितलं."

मी म्हटलं, "सूर्य डोळ्यांवर होता त्यांच्या."

"सूर्य डोंगरामागे गेला होता. मी इथे येणारी प्रत्येक गाडी लागताना बघतो. बायको आरशात दिसेनाशी झाली की नवरा थांबतो, अगदी नवखासुद्धा. तू तर आरशाच्या मधोमध उभी होतीस."

"तुझी खुर्ची भरून देते मी."

"खुर्ची गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "शुक्रवारी तुमची मुदत संपते. तुमच्या जागेवर दुसरे येणार आहेत. निघताना स्टिअरिंगवर कोण बसतंय ते बघायला मी फाटकापाशी उभा असेन. एवढंच सांगायचं होतं."

हे तुला का लिहिलं कोण जाणे. पत्र फाडून पुन्हा लिहायला हवं, पण टपाल न्यायला माणूस येईल आता. तिकीट बदलता येतं का ते बघ. कारण विचारू नकोस, फक्त बघ.

आई


लोन एल्क कॅम्प
१९ जून

कॉरी,

मागच्या पत्राने तुझी झोप उडवली असणार. आता सगळं लिहिते.

तुझ्या बाबांना दिसत नाही. अगदी काळोख नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. समोर माणूस उभा असला तर त्याचे खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी धूर. गेल्या शरद ऋतूत ॲरिझोनात डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांचं मधलं गेलंय, आता परत येणार नाही, गाडी बंद. बाहेर येऊन बाबा म्हणाले, "थोडा गाळ साचलाय म्हणे." मी आत त्यांच्या शेजारीच बसले होते. मीही म्हटलं, "हो, थोडा गाळ."

मग आम्ही ठरवलं, हा एक उन्हाळा फक्त. जबरदस्ती त्यांनी केली नाही. मी हो म्हटलं. ओमाहाचं घर विकून आम्ही या गाडीत आलो तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात "घर" म्हणजे हीच. ती एका जागी थांबली की आपण कुठलेच राहणार नाही, असं ते म्हणाले. ते मलाही खरं वाटलं.

रस्ताभर माझी बडबड चालते ना, ती अशी असते. "अगं बाई, पुढे केवढा मोठा ट्रक!" "सिग्नल लाल झाला वाटतं." "काय सुंदर वळण आहे रे हे, उजवीकडे." त्यात मी त्यांना कधी सूचना करत नाही. करायची नाही, हे आमच्यात न बोलता ठरलंय. मी शोभा बघितल्यासारखं बोलते आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करून ब्रेक दाबतात. पेट्रोल पंपावर एक बाई मला म्हणाली, इतक्या वर्षांनीही तुम्ही दोघं किती बोलता! टेकडीवर जाताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात, तेही लोकांना गोड वाटतं.

गाडी मागे घेताना मी आता हात हलवते ते फक्त बघणाऱ्यांसाठी. खरं म्हणजे मी गाडीच्या बाजूला हाताने थोपटते. एक थाप म्हणजे ये. दोन म्हणजे थांब. त्या संध्याकाळी टेक्सासवाल्याची तिन्ही कुत्री भुंकत होती. मी दोनदा थोपटलं, चारदा थोपटलं, मग हात वर करून फुली केली. त्यांना थाप ऐकू आली नाही आणि फुली दिसली नाही. वेंडेल उठला नसता तर. यापुढचं मला लिहवत नाही, पण रोज दिसतं.

त्यानंतरही मी तुला डासांबद्दल लिहिलं. टाळ्यांबद्दल लिहिलं. मला माझी लाज वाटते.

मग ते म्हणाले, हॅटीला पुढे बसवणार. आणि मला कळलं की ते विसरलेत. इतक्या महिन्यांत मी इतकं छान बोलत आले की माझ्या बोलण्यावर आपण गाडी चालवतो हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. त्यांना खरंच वाटतं की त्यांना दिसतं.

मी चालवावी तर एकदाच बसले होते त्या स्टिअरिंगवर, पंपाच्या खांबाला घासली, तेव्हापासून त्यांनी मला हात लावू दिला नाही आणि मीही हट्ट केला नाही. तुला फोन करायचा तर टेकडीवर ते सोबत येणार. आणि तू रडलीस तर मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन, मला माझा भरवसा नाही.

आता दुपार आहे. हे मी आमच्या जेवायच्या टेबलावर बसून लिहितेय. ते समोर बसून हॅटीच्या गळाला दोरा गुंडाळताहेत. लपवून लिहायची गरजच नाही, हे सगळ्यात वाईट.

आत्ताच त्यांनी विचारलं, "एवढं काय लिहितेस?"


कॉरी, पुढचं नंतर लिहितेय.

मी म्हटलं, "कॉरीला पत्र."

"वाच."

"मोठं आहे रे."

"मला कुठे जायचंय?"

मी कागद हातात घेतला. मनात आलं, डासांबद्दल वाचावं. सॅलडबद्दल, बर्फाबद्दल काहीही रचून वाचावं. त्यांना कधीच कळलं नसतं. मी तोंडही उघडलं तसं करायला. "इथे हवा छान आहे" इथपर्यंत वाचलं. मग थांबले आणि पहिल्यापासून, जसं लिहिलंय तसं वाचलं. "त्यांना खरंच वाटतं की त्यांना दिसतं" हेसुद्धा.

ते दोरा गुंडाळत राहिले. वाचून झाल्यावरही गुंडाळत होते. मग म्हणाले, "वेंडेलला कळलंय?"

"हो."

"आणि तू मला न सांगता तिला लिहीत होतीस."

"हो."

"तू लाल म्हणालीस, मी थांबलो. उजवीकडे म्हणालीस, उजवीकडे वळलो. एकदा तरी तुला उलट विचारलं, आर्डिस?" ते ओरडले. टेक्सासवाल्याची कुत्री भुंकायला लागली. "एकदा तरी म्हणालो, खात्री आहे ना तुझी?"

"कधीच नाही."

"मग विसरलो कसा म्हणतेस? मी विसरलो नव्हतो." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, हॅटी बसली तर... तीही बोलकी आहे. तुझ्यासारखीच."

कॉरी, मी त्यांच्यावर आयुष्यात कधी हात उचलला नाही, पण त्या क्षणी उचलला असता. मी म्हटलं, "ती नऊ वर्षांची आहे, व्हर्जिल. घाटात तिच्या समोरून एखादं हरीण गेलं असतं तर ती 'हरीण, हरीण' म्हणून टाळ्या वाजवत बसली असती."

ते उठून बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होते. गाडीच्या पुढच्या काचेवर हात ठेवून उभे होते, मग हाताने चाचपत सबंध गाडीला एक फेरी मारली. वेंडेल समोरून आला. दोघं काहीतरी बोलले. वेंडेलने टोपी काढली आणि पुन्हा घातली. शुक्रवारी गाडी तोच खाली गावात नेणार आहे. हे बाबांनी त्याला सांगितलं, त्याने बाबांना नाही.

आत येऊन म्हणाले, "पेन दे."

मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तर म्हणाले, तुझं लिहिणं पुरे झालं. खालच्या ओळी त्यांच्या आहेत. एकावर एक चढल्यात, सावकाश वाच.


कॉरी,

आई लिहिते ते खरं आहे. हॅटीला पाठवू नकोस. तिला सांग आजोबांची गाडी बिघडली.

नको, तसं सांगू नकोस. तिला खरं काय ते सांग. गाडी चांगली आहे.

बाबा