फळ्यावर शून्य लिहावे

दिनांक ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपारी ४ वाजून २० मिनिटे. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करत होतो. त्यात "जिवाचे बरेवाईट झाल्यास" असे वाचले, म्हणून लगेच हे लिहायला घेतले.

मी, समरजित बळवंतराव मोहिते, वय २६, शिक्षण नववी, राहणार तरसाली, बडोदे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करतो. डावा हात निकामी आहे. उजवा शाबूत आहे, म्हणून अक्षर माझेच.

१. पोस्टातील ३८,६०० रुपये आई कुसुमावती हिला.

२. माझा मापे घ्यायचा व्हर्नियर बहीण संयोगिता हिला. तिने तो कोणत्याही कारखान्यात न्यावा. मात्र जिथे फळ्यावर बिनअपघाताचे दिवस मोजतात, तिथे पाऊलही ठेवू नये.

३. कारण लिहून ठेवतो. छाणीच्या आमच्या कारखान्यात शंभर दिवस अपघात झाला नाही, तर अठराही जणांना इनाम मिळते. एकाला लागले, तर कोणालाच नाही. ३ नोव्हेंबरला फळ्यावर ९६ होते आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटे पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडली. सुपरवायझर हार्दिकभाई म्हणाले, "चार दिवस खेंची काढो ने, समरजितभाई! अढार जणनुं इनाम छे." बाकीचे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. मी फडके बांधून काम केले. शंभराव्या दिवशी फळ्याला हार घातला, जलेबी वाटली. मला तेव्हा ताप होता. आता बोटे काळी पडली आहेत.

अपघात थांबावेत म्हणून इनाम, असे मालक सांगतात. अपघात थांबले नाहीत, ते लिहायचे तेवढे थांबले. हात आत जाऊ नये म्हणून असलेली प्रेसची जाळी दोन वर्षे तुटलेली आहे. तिच्यावर कोणी इनाम लावले नाही!

४. "स्कूटरवरून पडला" असे आईने कारखान्याच्या कोणत्याही कागदावर मान्य करू नये. पाकीट घेऊन कोणी आले तर दारातूनच परत पाठवावे. मी मेलो तर हार्दिकभाईंनी खांदा द्यायला जरूर यावे, पण आधी फळ्यावर शून्य लिहून यावे.

५. हे लिहायला सर्वांत जड जाते. गेल्या वर्षी माझ्यासोबत काम करणाऱ्या सलीलच्या बोटाचे टोक त्याच प्रेसमध्ये गेले. माझे शुद्धलेखन चांगले, म्हणून रजिस्टर मला दिले. "घरी जाताना स्कूटरवरून पडून इजा," असे मी लिहिले. सलील शेजारी उभा होता. म्हणाला, "अक्षर छान काढ हं, साहेब. बोट परत उगवेल." मी ते छान काढले. ती नोंद खोटी आहे, असे येथे जाहीर करतो.

तेव्हाच्या इनामात मिळालेला मिक्सर आमच्या घरी आहे. तो सलीलला द्यावा. आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पाट्यावरची चटणीच मला जास्त आवडते. तू हौसेने मिक्सर पुसून ठेवायचीस, म्हणून बोललो नाही.

सलील साक्षीदार व्हायला तयार होता. पण ज्याला काही मिळते, त्याची साक्ष नको, असे कळले.

साक्षीदार: १. फत्तेसिंहराव शिर्के, शेजारी (सही) २. मोहना दिघे, परिचारिका (सही)

समरजित बळवंतराव मोहिते (सही)
स्थळ: दवाखाना, निजामपुरा, बडोदे

हिशेब:
पट्टी व औषधे: ६४० रुपये
दवाखान्यात अनामत: १२,००० रुपये
या वेळचे इनाम ५,००० रुपये: घेतले नाही
देणे, सलील यास: मिक्सर एक, भांडी तीन, झाकणांसह.