माळावरची काहील

बारामती, ता. १२ डिसेंबर १९३७

सौ. प्रयागअक्कास धाकटा भाऊ हिंदू याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

दोन महिने पत्र टाळलं, खरं सांगतो. लिहायला बसलो की कुणीतरी कुस्त्यांना ओढून नेतं. मुंबई-सोलापूर विमान हितं माळावर उतरतं, त्याची देखरेख माझ्याकडं आहे. काल धावपट्टीवर ससा आला, त्याच्यामागं मी ओढ्यापर्यंत पळालो, ते राहू दे. पण कंपनी तोट्यात आहे. मॅनेजरसाहेब म्हणतात, विमान हवेत असतं तोवर कमावतं, जमिनीवर नुसतं खातं. आमच्याकडं ते फारच खातं. उतरल्यावर पेट्रोल गाळायचं, मग टपाल-पार्सलं तोलायची! त्या उशिरापायी सोलापुरात मुक्काम पडतो, परतीची फेरी बुडते. मागची एक खुर्चीही रोज रिकामीच उडते. संक्रांतीपर्यंत सुधारलं नाही तर बारामतीचा थांबा बंद, अन् मी पुन्हा भटक्या. आबांना कळू देऊ नकोस.

माया आटू देऊ नये,
तुझा हिंदू

निरवांगी, ता. १८ डिसेंबर १९३७

चि. हिंदूस अक्काचे आशीर्वाद.

पत्र आलं तवा मी गुऱ्हाळावर हुते. आबांनी इचारलं कुणाचं. मला खोटं कुठं येतंय? समदं वाचून दाखवलं. म्हणाले, बापाच्या गुऱ्हाळात टिकला न्हाय, त्यो आभाळात काय टिकतोय! थांबा मोडला की गुमान चुलाणापुढं येऊन बस म्हणावं. त्या इमानाचं तोंड बघणार न्हाय, असंबी म्हणाले. गूळ शिजवणारा गेणबा गुळव्या हाय तसाच हाय. उकळत्या रसाची एक काहील चुलाणावरनं उतरायच्या आत दुसरीचा रस तयार न्हाय दिसला की समद्यांचा उद्धार करतोय. गेल्या साली तू रस आणायचा सोडून होल्यांची घरटी बघत बसलास अन् रिकामी काहील करपली, ते आठवून आज आमी समदी पोट धरून हसलो. तिळाचे लाडू धाडलेत, दोस्तांना वाटू नगंस.

जिवाला जपावं.
अक्का

बारामती, ता. १२ जानेवारी १९३८

अक्कास नमस्कार.

लाडू वाटले, रागावू नकोस. पण गेणबाचं वाचलं अन् मी ताडकन उठलो. आता विमान यायच्या आधीच पेट्रोल गाळून, पार्सलं तोलून धावपट्टीच्या कडंला तयार असतात. विमान टेकलं की आमी काहील उतरवल्यासारखे तुटून पडतो. पायलटसाहेबांचा चहा संपत नाही तोवर पंखा फिरतो! विमान तेच, माणसं तीच, अन् आता दिवसाउजेडी सोलापूर करून मुंबईला परत. पानमळेवाल्यांच्या करंड्याही उडायला लागल्या. काल मॅनेजरसाहेबांचं पत्र आलं, थांबा कायम! शिवाय हीच रीत सोलापूरकरांना शिकवायला मलाच जायचंय. फक्त ती खुर्ची तेवढी रिकामीच जाते.

थांब, वजनकाट्यापाशी गलका कसला, बघून येतो.

अगं अक्का, आबा आलेत! नवा फेटा, काखेत गुळाची ढेप, अन् पार्सलांच्या काट्यावर ताठ उभे. म्हणतात, सिद्धेश्वराच्या जत्रंला सोलापूरला निघालोय. इमान यायच्या आत माझं वजन करून ठेव, रिकामी खुर्ची करपती.