मेंबर नंबर एक

ता. ३ नोव्हेंबर १९४१, सोमवार

आजपासून मी लायब्ररियन. हा शब्द तीनदा खोडला, आता बरोबर आहे बहुतेक. आमच्या प्रकाशा गावच्या सार्वजनिक वाचनालयाची किल्ली आज माझ्या कमरेला आली. वय अठ्ठावन्न, शिक्षण दुसरी. कमिटीचे शांतीलालशेठ स्वतः ओट्यावर येऊन म्हणाले की कौसाबाई, गावात तुमच्याशिवाय योग्य माणूस नाही. माझं अक्षर कुठंतरी पाहिलं असणार. सूनबाई धनू म्हणते, तसं नाही आत्याबाई, त्या खोलीत बसायला दुसरं कोणी तयारच नाही. ही मुलगी पोळ्या चांगल्या करते, बाकी बोलणं असं.

खोलीचं म्हणजे एवढंच, की माझ्याआधी आमचे हेच लायब्ररियन होते. अकरा वर्षं. फाल्गुनात त्याच खुर्चीत, हातात पेपर धरून, तसेच गेले. डुलकी लागली असं वाटून दोघं जण नमस्कार करून पुस्तकं बदलून गेले म्हणे. तेव्हापासून खोली बंद.

संकल्प : रोज सकाळी तापीवर अंघोळ, मग दुपारी दोन ते दिवेलागणी लायब्ररी. रोज एक पान लिहायचं, शुद्ध. हे म्हणायचे, बोल कसंही, लिही नीट. वर्षात शंभर मेंबर करायचे.

ता. ४ नोव्हेंबर

एकही नाही. पहिला दिवस, कळलं नसेल.

ता. ६ नोव्हेंबर

आज आले. उखा आणि नवल, दोघं आमच्याच आळीतले, वावरातून थेट, पायाला माती. पण मी नुकताच दिवा लावलेला. दिवे लागल्यावर घरातलं काही बाहेर देत नाहीत. मीठ देत नाही, दही देत नाही, सुई देत नाही, मग सरस्वती कशी देऊ? उखा म्हणाला, माय, दिनभर वावरमा ऱ्हास, मंग कव्हय येऊ? मी म्हटलं, इथंच बसून वाचा. नवलनं यांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाला, मास्तर तठेच बठेल शेतस ना! दोघं हसत गेले. हसत होते, पण भरभर गेले.

यांच्या वेळी दिव्यानंतरही पुस्तकं जायची. पुरुषांना चालतं. माझ्या हातून लक्ष्मी-सरस्वती बाहेर जायला नको. उद्या दुपारी येतील.

ता. १० नोव्हेंबर

दुपारी कोणी येत नाही. कापूस वेचणी चालू आहे. लोकांना वाचनाची गोडी कमी.

एक गोष्ट लिहून ठेवते. दुपारी एकटी बसले होते. वारा नव्हता. खिडकीजवळच्या फळीवर कागद सळसळला. हे पेपरचं पान उलटताना व्हायचा, तसाच आवाज. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सवय.

ता. ११ नोव्हेंबर, सकाळी

किल्ली मी उशाला घेऊन झोपते. आज तापीवरून परत येऊन खोली उघडली तर खुर्ची वळलेली. काल भिंतीकडे तोंड होतं, आज खिडकीकडे. हे तिकडेच तोंड करून बसायचे, उजेडासाठी. रेवाबाई पहाटे झाडून जाते, तिला घरातली दुसरी किल्ली दिली आहे, पण ती कशाला खुर्चीला हात लावेल? ती फक्त झाडते.

आणि खिडकीजवळच्या फळीवरून एक पुस्तक कमी. काशीयात्रेचं वर्णन.

मी ओरडले नाही. कोणाला सांगितलंही नाही. काशीला जायचं राहिलं होतं त्यांचं.

ता. १४ नोव्हेंबर

काशीचं पुस्तक परत आलं! फळीवर, जागच्या जागी. त्या जागी सूतकताईचं गेलं.

आता नियम म्हणजे नियम. पुस्तक गेलं तर रजिस्टरला लागलं पाहिजे. मेंबर नंबर एक. नावाच्या रकान्यात पेन थांबलं. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, मग हातानं तरी कसं लिहायचं? म्हणून लिहिलं : हे. सरकारी रजिस्टर आहे, सरकारला कळेल.

ता. १९ नोव्हेंबर

आनंदाला पार नाही. आमच्या घरी मोठी माणसं फार. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत हे माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. आता मी निवडून पुस्तक त्या फळीवर ठेवते आणि ते नेतात. तुकारामाचे अभंग ठेवले, नेले. नकाशे ठेवले, नेले. आतल्या कपाटातलं एकही नेत नाहीत, फक्त खिडकीजवळचंच. त्यांना हवा लागायचीच.

एवढं बोलणं आमचं आयुष्यात झालं नव्हतं.

ता. २२ नोव्हेंबर

परत आलेल्या पुस्तकाला बिडीचा वास. हे बिडी ओढत नसत. पण तिकडे कोणाच्या संगतीत आहेत, कोण जाणे. शिवाय दुसऱ्या एकाचं पान दुमडलेलं! पान दुमडलं म्हणून यांनी एकदा शांतीलालशेठना चारचौघांत सुनावलं होतं. माणूस गेल्यावर स्वभाव थोडा सैल होत असेल. बरं झालं.

ता. २४ नोव्हेंबर

बैलांच्या आजाराचं पुस्तक नेलं. आमच्याकडे कधी बैल नव्हता. तिकडे यांना काय काम लावलं आहे?

ता. २७ नोव्हेंबर

धुळ्याहून टपाल. इन्स्पेक्टर साहेब १५ डिसेंबरला येणार. वीसपेक्षा कमी वाचक असतील तर लायब्ररी बंद, पुस्तकं गाडीत घालून शहाद्याला. शांतीलालशेठ घाबरून आले. किती मेंबर झाले विचारलं. मी म्हटलं, वाचन भरपूर आहे, काळजी नको. रजिस्टर दाखवलं नाही. तयार झाल्याशिवाय स्वयंपाक दाखवत नाहीत.

पण पुस्तकं शहाद्याला गेली तर हे तिथं जातील का? रस्ता माहीत आहे त्यांना, पण ती खिडकी तिथं नाही.

ता. ३० नोव्हेंबर

रागावले आहे. बाळंतपणाचं आणि तान्ह्या मुलाच्या निगेचं पुस्तक गेलं. यांना आता कोणाचं बाळंतपण काढायचं आहे? आमची पाच झाली तेव्हा हे ओट्यावर पेपर वाचत बसायचे. कोण आहे तिकडे? तीन दिवस त्या फळीवर काही ठेवणार नाही.

ता. १ डिसेंबर

ठेवलं. राग धरून कोणाचं भलं झालं?

ता. ५ डिसेंबर, सकाळी

आज पाहिलं.

तापीवर धुकं होतं, दोन हातांवरचं दिसत नव्हतं. ओल्या लुगड्यानं घाटाच्या पायऱ्या चढून लायब्ररीच्या मागच्या वाटेनं आले. खिडकीत हात होता. पांढरी बाही, कोपरापर्यंत आत गेलेली. बाकी माणूस धुक्यात. हात फळीवरून हळूहळू फिरत होता, एकेका पुस्तकाच्या पाठीवर बोट टेकवत. हे अगदी असेच शोधायचे, चष्मा घरी राहिला की.

पुढे पाऊल टाकलं नाही. जवळ गेलं की जातात म्हणे. कळशी काखेत तशीच धरून उभी राहिले. पाय बधिर झाले. मग हात नव्हता.

घरी येऊन धनूला म्हटलं, चहा कर, आज साखर जास्त घाल. ती म्हणाली, आत्याबाई, तुम्ही का कापत आहात? मी म्हटलं, थंडी. तीही हल्ली सारखी बसूनच असते, तोंड उतरलेलं. थंडीच आहे.

ता. १४ डिसेंबर

उद्या साहेब. रजिस्टरात एकतीस नोंदी. एकतीस! यांनी एवढं वाचलं, म्हणून लायब्ररी वाचणार. त्यांनाही ते कळत असणार, नाहीतर इतक्या घाईनं का नेतील? खोली सारवून घेतली. खुर्ची पुसली. नवीन उदबत्ती.

ता. १५ डिसेंबर, सोमवार

नीट लिहिते.

साहेब तरुण. कोट, टोपी, नाक पातळ. दारात सगळं गाव जमलेलं, आत कोणी येईना. साहेब नेमके त्याच खुर्चीवर बसले. दारातली माणसं एक पाऊल मागे. त्यांनी रजिस्टर उघडलं. म्हणाले, अक्षर सुंदर आहे. मी शांतीलालशेठकडे पाहिलं.

मग विचारलं, हे म्हणजे कोण? मी म्हटलं, आमचे. साहेब म्हणाले, एकच वाचक? बोलवा त्यांना. मी म्हटलं, ते दिवसा येत नाहीत. साहेब म्हणाले, का? मी म्हटलं, फाल्गुनात वारले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग उठले आणि खुर्चीपासून लांब उभे राहिले. उभ्यानेच म्हणाले की एक वाचक, तोही मयत, असा रिपोर्ट मी धुळ्याला पाठवू शकत नाही. पुस्तकं बांधा. गाडी उद्या येईल.

मी फळीजवळ जाऊन उभी राहिले. मला दुःख पुस्तकांचं नव्हतं, फळीचं होतं.

तेवढ्यात उखा. साहेब, बैलनं पुस्तक मीच लई गऊ व्हतू. खिडकीमाईन हात घालीसन. माय दिवा लाया का देस नही, आम्ही काय कराव? एवढं म्हणून खाली बसला. त्याच्या कानावर बिडी होती.

मग नवल. काशी त्यानं नेली होती, वडिलांना वाचून दाखवायला. पान त्यानंच दुमडलं. आणि धुक्यातलं? मी विचारलं, शुक्रवारी पहाटे तूच होतास का. म्हणाला, हाऊ माय, नकाशे शोधी ऱ्हायंतू, तू कसाले विचारस? बाही पांढरी होती त्याची. आजही तीच होती.

मग एकेक हात वर. सव्वीस जण. पहाटे मी नदीवर असताना रांग लागायची म्हणे, शिस्तीत, आणलेलं ठेवल्याशिवाय दुसरं न्यायचं नाही. हे शिकवून गेले होते तो नियम. सगळ्यात शेवटी, बायकांच्या मागून, धनू. बाळंतपणाचं पुस्तक तिनं नेलेलं. तिसरा महिना. मी म्हटलं, अगं, घरातच मागायचं! ती म्हणाली, मागितलं असतं, पण कामं आवरेपर्यंत दिवे लागतात ना आत्याबाई.

सगळे हसले. साहेबही. मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं.

एकच राहिलं होतं. मी रेवाबाईला बाजूला घेऊन खुर्चीचं विचारलं. हळूच विचारलं. ती म्हणाली, झाडू माराले नको का माय? खुर्ची सरकाडीसन झाडस मी.

साहेबांचा हुकूम : लायब्ररी चालू. मी कायम. दिवे लागल्यावर पुस्तक द्यायचंच. खिडकीला कडी बसवायची. आणि एकतीस ठिकाणी खोडून खरी नावं लिहायची.

ता. १८ डिसेंबर

दिवे लागल्यावर नऊ पुस्तकं दिली. देवाला विचारून दिली. काही झालं नाही. शांतीलालशेठ म्हणाले, कौसाबाई, तुमचं नाव धुळ्यापर्यंत गेलं. जायचंच होतं.

रात्रीच्या जेवणात धनूला दूध जास्त दिलं. रजिस्टर खोडून झालं. एकतीस वेळा. शाई पुरली.

ता. २१ डिसेंबर

सुतारानं बसवलेली खिडकीची कडी आज संध्याकाळी काढून ठेवली. दुसरं काही नाही, पुस्तकांना हवा लागते.

ता. २२ डिसेंबर, सकाळी

सगळं जागच्या जागी.