क्रमांक चारचा वाटा

तोंडवली, ता. मालवण
१४ नोव्हेंबर २००९

प्रिय योगिनी,

अनेक आशीर्वाद. इथे आम्ही सगळे ठीक आहोत, तूही असशील. रजा शिल्लक होती म्हणून महिनाभर घरी आलोय. आईने तुझ्यासाठी सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. पुण्याला जाणारं कुणी मिळालं की पाठवतो.

तुझी ईमेल निघायच्या आदल्या दिवशी मिळाली. प्रकाशकाशी बोलणी चालू आहेत, सबब विद्यापीठाच्या भांडारातला माझा प्रबंध पाच वर्षं बंद ठेवावा. खाली तुझं नाव, डॉक्टर लावून. दादा नाही, कसा आहेस नाही. इतकं कोरडं मला आमचे कुलसचिवही लिहीत नाहीत.

मी काय करतो ते तुला नीट माहीत नसेल, म्हणून सांगतो. ग्रंथालयाच्या तळघरात, बाइंडिंगच्या खोलीशेजारी, एक स्कॅनर आणि एक जुना सर्व्हर घेऊन मी दोन वर्षं विद्यापीठाचं संशोधन भांडार उभं करतोय. आपले प्रबंध इंटरनेटवर ठेवायचे आणि ज्याला हवा त्याने फुकट वाचायचे, एवढीच गोष्ट. पण प्राध्यापकांच्या पाया पडून जीव गेला. एक म्हणाले, चोरी होईल. दुसरे म्हणाले, लोक चुका काढतील. तिसऱ्यांनी चहा पाजला आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध असलेल्या कपाटाची किल्ली खिशात घालून निघून गेले. सरकारच्या पैशाने लिहायचं आणि वाळवी लागेपर्यंत कुलपात ठेवायचं. या लोकांवर मी वैतागायचो, तेव्हा मनात म्हणायचो, आपली योगिनी असं करणार नाही.

तर तूही तेच केलंस.

तू रापणीवर प्रबंध लिहायला इथे आलीस ते वर्ष आठवतं ना? लोकांनी तुला दारात ताटकळत ठेवलं नाही, चुलीशी बसवून सांगितलं. पहिल्याच दिवशी तू वही बाजूला ठेवून रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला दोरीला हात घातलास, आणि वाटणीसाठी मासळीचे ढीग पडले तेव्हा लाजून मागे सरलीस. रापणीचे पुढारी दाजी काय म्हणाले? "दोरयेक हात लावलंस ना गो? मगे वाटो घेवकच होयो." बांगडे ओच्यात घालून घरी आलीस तेव्हा तुझा आनंद पोटात मावत नव्हता. दोरी ओढली त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की पाहुणा. हा नियम तू प्रबंधात पानंच्या पानं समजावून सांगितलायस. मग तुझ्या प्रबंधाची दोरी ज्यांनी ओढली, त्यांचा वाटा कुठे आहे?

काळ्या बांधणीची प्रत घेऊन आलीस तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "माझा नाव खंय आसा गो?" तू दाखवलंस: माहितीदार क्रमांक चार, पुरुष, वय त्रेसष्ट. संशोधनात नावं झाकायची असतात, हेही सांगितलंस. बाबा "बरा" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. पण त्यांना काय झाकायचं होतं? सबंध किनारा त्यांना नावाने ओळखतो.

आता कामाचं. पर्ससीनवाले मोठ्या यांत्रिक बोटी घेऊन थेट आपल्या रापणीच्या पाण्यात येऊन जाळी टाकतायत. तक्रारीची सुनावणी येत्या तीस तारखेला मालवणात आहे. मत्स्य खात्याच्या साहेबांनी सांगितलंय, इथे पिढ्यान्‌पिढ्या रापण लागते याला लेखी आधार आणा, आणि तो आम्हाला तपासता आला पाहिजे. तो आधार तुझ्या परिशिष्टात आहे, आणि प्रबंध बंद असला तर साहेबांना तो तपासता येणार नाही. कोणत्या महिन्यात जाळं कुठे टाकायचं, तारली मासळी कधी किनाऱ्याला येते, सगळं बाबांच्या तोंडचं, मालवणीत, जसंच्या तसं.

तू म्हणशील, मग सुनावणीत बाबाच बोलतील की.

बाबांना बोलता येत नाही, योगिनी. दसऱ्याच्या सुमारास वाऱ्याचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दिवाळीत तू फोन केलास तेव्हा आई "ते रापणीक गेलेत" म्हणाली, पण बाबा शेजारीच खाटेवर होते. तुझी नोकरी कायम व्हायची मुलाखत होती. आईने मला बजावलं होतं, "तिका आताच काय सांगू नको." रजा शिल्लक होती वगैरे खोटं आहे. आणि पत्र लिहायला बसलो तेव्हाही हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तू संमतीची सही करावीस ती बापाची दया येऊन नव्हे, दोरी ओढणाऱ्यांचं देणं आहे म्हणून करावीस, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. पण बाबा जे बोलले होते ते सगळं तुझ्याकडे आहे, आणि तू ते पाच वर्षं बंद ठेवायला सांगतेस. मी कुणावर चिडू?

भांडाराचा पासवर्ड माझ्याकडे आहे. एक बटण दाबलं की प्रबंध उघडेल. ते मी करणार नाही. संमतीशिवाय काही उघडणार नाही, असा शब्द मी प्रत्येक प्राध्यापकाला दिलाय आणि तोच तुलाही लागू आहे.

आज सकाळी बाबांना धरून किनाऱ्यावर नेलं. मासळी अगदी थोडी होती. दाजी ढीग लावत होते, तेव्हा बाबांनी डाव्या हाताने एक ढीग आणखी लावायची खूण केली. "कोणाचो?" दाजींनी विचारलं. मग बाबांनी डावा हात पुढे करून दोरी ओढल्यासारखा मागे घेतला आणि डोकीला पदर घेतल्याची खूण केली. उन्हात काम करताना तू ओढणी तशीच गुंडाळायचीस. दाजींनी ढीग लावला. आईने ते बांगडे मीठ लावून ठेवलेत.

संमतीचा फॉर्म सोबत आहे. त्यात खाली "सहभागी व्यक्ती" असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवलाय. बाबांचं नाव, गंगाराम, तुझ्या हाताने लिही.

अजून रागातच आहे,
तुझा
दादा