कट म्हटल्यानंतर

४ फेब्रुवारी

कॉलेजची फिल्म जुळत नाहीये. बारा मिनिटांची गोष्ट — मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला निघालाय, आई त्याची बॅग भरते — आणि शेवटाला सगळं ढेपाळतं. लेखन-दिग्दर्शन अर्घ्यचं, कॅमेरा मौसुमीचा, एडिटिंग माझं. म्हणजे आता सगळं माझ्या गळ्यात.

आईचं काम अर्घ्यच्या आईनंच केलंय, शिखाकाकीमांनी. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर, पण बिचकत नाहीत. घोळ संवादाचा आहे. "जा बाळा, मोठा हो" — असं कुठली आई बोलते? माझी आई "डबा सरळ धर, सांडेल" एवढंच म्हणेल. अर्घ्यला सांगितलं तर फुगला. "आधी सगळं फुटेज तर बघ," म्हणाला.

मराठीत लिहिते ते बरंय. इथे कोलकात्यात, आमच्या ग्रुपमध्ये कुणाला वाचता येत नाही.

६ फेब्रुवारी

सापडलं!

अर्घ्यनं "कट" म्हटल्यावरही कॅमेरा चालूच राहिलाय. मौसुमी बंद करायला विसरली. काकीमा शर्टाची घडी घालताहेत. मान वर न करता अर्घ्यला बंगालीत म्हणतात — "लग्नाआधी मला रेडिओवर नोकरी लागली होती. बातम्या वाचायची. घरात कुणी विचारलंसुद्धा नाही, जातेस का म्हणून." मग शर्ट बॅगेत ठेवतात, कॉलर सारखी करतात. बस.

हाच शेवट. दुसरा असूच शकत नाही.

७ फेब्रुवारी

कॅन्टीनमध्ये जोरदार भांडण. अर्घ्य म्हणाला, "तो अभिनय नाहीये. ती माझी आई आहे."

"मग तू तेव्हा काय उत्तर दिलंस त्यांना?"

कप बाजूला सारत म्हणाला, "म्हटलं, मा, पुढचा शॉट लावायचाय."

मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. शेवटी मौसुमी म्हणाली, "आपण तिघं कोण ठरवणार? काकीमांना दाखवू. त्या नको म्हणाल्या तर नको."

९ फेब्रुवारी

बजबजला गेलो, अर्घ्यच्या घरी. काकीमांनी आधी लुची-आलूर दम खायला घातलं, मग आम्ही पलंगावर लॅपटॉप मांडला. अर्घ्य स्क्रीनकडे बघेना. त्याचे बाबा दारात उभे राहून बघत होते.

संपलं.

बाबा हळूच म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस."

काकीमांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठेव ते. आवाज जरा वाढव, शेवटचे शब्द नीट ऐकू येत नाहीत."

परतताना अर्घ्यही हॉस्टेलवर जायला सोबत होता; लोकलमध्ये सियालदहपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, "माझा संवाद काढून टाक."

१२ फेब्रुवारी

संवाद काढला. संगीतही काढलं. मौसुमीनं पहाटे थंडीत कुडकुडत घेतलेला गंगेचा शॉट मला काढवेना, तर तिनंच माऊस घेतला आणि उडवला. "सुंदर आहे, पण इथला नाही," म्हणाली. महिनाभर मी या दोघांवर वैतागत होते. आज वाटलं, यांच्यासोबतच करायची होती ही फिल्म.

१८ फेब्रुवारी

आज कॉलेजात सगळ्यांना दाखवली. दिवे लागले तरी कुणी उठेना. मग टाळ्या.

आमचे फिल्मचे सर म्हणाले, "कॅमेरा चालू आहे हे माहीत नसलेला माणूस किती खरा असतो, ते या शेवटात दिसतं. कुणाला सुचलं हे?" अर्घ्यनं मला पुढे ढकललं. "हिला. मी नकोच म्हणत होतो."

माझे आई-बाबा मागच्या रांगेत होते. आईला बंगाली अजून धड कळत नाही, तरी डोळे पुसत होती. बाबा तर त्यांच्या बँकेतल्या चौघांना घेऊन आले होते. "माझी मुलगी," असं प्रत्येकाला सांगत होते. मला लाज वाटली नाही. खरंच छान केलंय मी.

१९ फेब्रुवारी

सर काय म्हणाले ते सांगायला काकीमांना फोन केला. हसल्या. "माहीत नसलेला? अगं, कॅमेऱ्याचा लाल दिवा माझ्या समोरच होता. मी बघूनच बोलले."

म्हटलं, "म्हणजे ते खरं नव्हतं?"

"खरं होतं. म्हणून तर दिवा चालू असताना बोलले."